नोकरी-संसार सांभाळून कादंबरी लिहिताय? मग या चुका टाळा

नोकरी आणि घर सांभाळून कादंबरी लिहिणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते, वेळ मिळत नाही. ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. 60,000 शब्दांची कादंबरी रोज 300 शब्द लिहिले तर 200 दिवसांत कागदावर येते. कादंबरी रखडते ती दोन बैठकांमधलं अंतर वाढत गेल्यामुळे. आठवडाभर हात लागला नाही की पात्रांची बोलण्याची ढब कानातून जाते, आणि पुढची अख्खी बैठक ती परत पकडण्यातच खर्ची पडते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

रविवारच्या भरवशावर राहणं

रविवारी पाहुणे येतात, सोसायटीची मीटिंग निघते, मुलाचा प्रोजेक्ट नेमका सोमवारी द्यायचा असतो. त्यामुळे रोजचा अर्धा तास ठरवा आणि तोही जमला नाही तर कालचं पान वाचून एक वाक्य तरी लिहा. उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नका. पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असतानाच वही मिटली, तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर ताटकळत बसावं लागत नाही.

घरच्यांना न सांगता लिहिणं

हे बायकांच्या बाबतीत फार होतं. बाई टेबलापाशी बसलेली दिसली की ती मोकळी आहे असं घर गृहीत धरतं. मग कुकरची शिट्टी, कुरियरवाला, सासऱ्यांची गोळी, सगळं तिच्याकडेच येतं. ‘जरा लिहीत बसते’ असं म्हणू नका. ‘साडेपाच ते सहा मी उठणार नाही, बेल वाजली तर तुम्ही बघा’ असं स्पष्ट सांगा. घरात ते अशक्यच असेल तर जवळच्या वाचनालयात जाऊन बसा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. तालुक्याच्या गावीही एखादं जुनं सार्वजनिक वाचनालय असतंच. तिथलं लाकडी टेबल आणि आजूबाजूला मुकाट वाचत बसलेली माणसं यांचा हाताला मोठा आधार असतो.

सहलीला गुपचूप संशोधनाचं काम जुंपणं

याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, तुमची कादंबरी पानशेतच्या पुराची आहे. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तुम्ही रविवारी घरच्यांना घेऊन ओंकारेश्वराच्या दर्शनाला निघता आणि मनात मात्र पुराची पातळी घोळत असते. मुलांना भेळ हवी असते, तुम्हाला काठावर उभं राहायचं असतं. अर्ध्या तासात दोन्ही बाजू चिडतात. घरच्यांच्या रविवारी घरच्यांबरोबर मनापासून भेळ खा. कादंबरीसाठी वेगळी सकाळ काढा आणि एकटे जा.

जाताना एकच प्रश्न बरोबर घ्या. ‘पुराबद्दल माहिती गोळा करायची’ हा प्रश्नच होत नाही. ‘माझ्या कादंबरीतली म्हातारी आजी, कडेवर नातू घेऊन, नदीकडून शनिवारवाड्यापर्यंत न थांबता चालू शकेल का?’ हा प्रश्न आहे. मग ते अंतर चाला. वाटेत कुठे चढ लागतो, कुठे गल्ली अरुंद होते, कुठल्या वळणानंतर मागे वळलं तर नदी दिसेनाशी होते, हे पायांना कळतं. मोबाइलमधल्या ढीगभर फोटोंत यातलं काहीच सापडत नाही, कारण फोटोत चढ सपाट दिसतो. दुसऱ्या एखाद्या सकाळी गोखलेनगरच्या बाजूला जा. तिथे पूरग्रस्तांची वसाहत झाली. पेठेतल्या वाड्यातून उठून आलेल्या माणसाला आपली रोजची मंडई तिथून किती लांब वाटली असेल, हे बसने गेलात तरी उमगेल.

मंडईचंही तसंच. 1886 सालच्या त्या दगडी इमारतीत दुपारी अकराला गेलात तर फक्त गर्दी दिसेल. सकाळी लवकर जा आणि एकाच गाळ्यापाशी रेंगाळा. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारताना बाई आधी कोमेजलेली जुडी खाली सारते, ताजी वर ठेवते, आणि पहिल्या गिऱ्हाइकाशी भाव तोडताना तिचा आवाज थोडा मऊ असतो, कारण भवानी व्हायची असते. असा एक तपशील पूर्ण प्रकरण उभं करतो. त्याच संध्याकाळी दहा ओळी लिहून ठेवा, वास, आवाज, ऐकलेलं एखादं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं उडालेलं असतं.

याची उलटी चूक म्हणजे माहिती पुरी झाल्याशिवाय लिहायचंच नाही असं ठरवणं. धरण फुटलं तेव्हा आभाळ कसं होतं, वीज कधी गेली, नळाला पाणी कधी आलं, हे सगळं नीट तपासायलाच हवं, पण लिहिता लिहिता नको. मजकुरात तिथे फुली मारा आणि पुढे चला. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त फुल्या सोडवायला ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडल्या की तास कसे जातात समजत नाही, म्हणून फुल्यांची यादी हातात असल्याशिवाय वाचनालयात जाऊ नका.

दिवाळी अंकाला सरसकट हो म्हणणं

1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा ही मराठी लेखकाची खरी पुण्याई आहे, पण पावसाळा लागला की संपादकांचे फोन येतात आणि कादंबरी बाजूला पडते. एखादी कथा कबूल करा, तीन करू नका. आणि कादंबरी सोडून कथेकडे वळण्याआधी स्वतःसाठी एक पान लिहून ठेवा, कुठलं पात्र कुठे आहे, कोणाला काय कळलंय आणि कोणाला अजून कळलेलं नाही, पुढचा प्रसंग कोणता. सोमवारी कथा, मंगळवारी कादंबरी अशी रोजची अदलाबदल टाळा, त्यात दोन्हींची भाषा एकमेकांत मिसळते. आधी प्रकरण संपवा, मग कथा हातात घ्या.

खंड पडल्यावर पहिल्या पानापासून सुरू करणं

आजारपण, लग्नकार्य, बदली, अशा कारणांनी महिने जातात. परत बसल्यावर माणूस पहिलं प्रकरण उघडतो, त्यात चुका दिसतात, दुरुस्ती सुरू होते आणि पहिलं प्रकरण पाचव्यांदा घासूनपुसून चकचकीत होतं. पुढचं तसंच राहतं. शेवटची दहा पानंच वाचा. शेवटचा परिच्छेद हाताने नव्या कागदावर जसाच्या तसा उतरवा, आणि पेन न उचलता त्याच्या पुढचं वाक्य लिहा. पहिल्या प्रकरणाची डागडुजी पूर्ण खर्डा हातात आल्यावर करा, कारण ते प्रकरण कसं हवं होतं हे शेवट लिहून झाल्यावरच नक्की कळतं.