सायलेन्सर बदलला, आता कार्बोरेटर जुळवायचा कसा?

"आवाज भारी झालाय, पण पिकअप गेला. आणि एक्सलरेटर सोडला की फटाके फोडते." फ्री-फ्लो (धुराला मोकळी वाट देणारा) सायलेन्सर आणि कोन फिल्टर (एअरबॉक्सच्या जागी बसणारा शंकूसारखा उघडा हवेचा फिल्टर) लावलेल्या बुलेटचा मालक बहुधा हेच सांगतो, आणि पुढे स्वतःच उपायही सुचवतो, "मोठा जेट टाकून द्या." गॅरेजलाइनमध्ये नव्याने आलेली मुलंही तिथूनच सुरुवात करतात. माझं सांगणं उलट आहे. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा सुटा भाग. त्याला हात बाकीचं सगळं तपासून झाल्यावरच लावायचा, आणि तोही थ्रॉटल किती उघडा असताना गाडी अडखळते हे नक्की कळल्यावरच.

आधी बिघडतं काय ते बघू. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. मूळ एअरबॉक्स हवेला थोडा अडवतो, त्यामुळे ही ओढ वाढते. कंपनीने जेट निवडलेला असतो तो ही वाढीव ओढ धरून. बॉक्स काढून उघडा कोन लावला की ओढ घटते, पेट्रोल कमी येतं. मोकळ्या सायलेन्सरमधून जळका धूर लवकर निघून जातो आणि सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त भरते. दोन्हींमुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण जळण्याचं प्रमाण. पण पूर्ण ताकद हवी असते तेव्हा इंजिन साडेबारा-तेराच्या आसपास खूश असतं. त्यापेक्षा लीन चालवलं की हेड तापतं, पिकअप बसतो आणि लांबच्या पल्ल्यात पिस्टन धरण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, भीती असते.

शिकायला जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० घ्या. ७० बाय ९० चं ३४६ सीसी इंजिन आणि गोल स्लाइडचा मिकार्ब कार्बोरेटर. स्लाइड म्हणजे गळ्यात वरखाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग. केबल ओढली की स्लाइड थेट वर जाते, काय होतंय ते डोळ्यांनी दिसतं. नंतरच्या युसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाच्या क्लासिकमध्ये किंवा बऱ्याच पल्सरमध्ये सीव्ही कार्बोरेटर असतो. त्यात स्लाइड केबलने नाही, व्हॅक्यूमने उचलली जाते. एअरबॉक्स काढला की तिचं उचलणंच बदलतं. तो दुसरा धडा.

कार्बोरेटर उघडण्याआधी बाकीचं तपासा. या बुलेटच्या टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची ढिलाई जुळवायला, फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) लागत नाही: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर सगळ्यात वर, आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इग्निशनच्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पिस्टन वर पोचण्याआधी ०.८ मिमीवर. टायमिंग मागे असेल तर गाडी हुबेहूब लीन असल्यासारखी वागते, आणि मग तुम्ही जेट बदलत बसता. हेडपाशी बेंड पाइप सैल असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि रेस सोडल्यावर फटाके फुटतात, त्यावर जगातला कोणताही जेट चालणार नाही. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला जोडही बघा. इंजिन स्लोवर ठेवून जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारा. रेस बदलली तर तिथून हवा घेतेय. सायलेन्सर तापायच्या आत हे उरका, तो फवारा पेट घेतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. जुन्या मिकार्बची स्लाइड झिजलेली असते. एअर क्लीनरचा पाइप काढून स्लाइड बोटाने हलवा, कडकड वाजली तर कार्बोरेटरचे दिवस भरलेत. स्लाइडला लटकलेली सुई ज्या भोकात चालते तो नीडल जेटही वर्षानुवर्षं घासून लंबगोल होतो. अशी गाडी अर्ध्या थ्रॉटलला काळा धूर देते, आणि सुई कितीही खाली घेतली तरी सुधारत नाही.

आता मुख्य मुद्दा. कोणता भाग पेट्रोल देतोय हे गियरवर किंवा स्पीडवर ठरत नाही, थ्रॉटल किती उघडा आहे यावर ठरतं. बंद ते एक-अष्टमांश: पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि एअर स्क्रू. तिथून पाव-अर्ध्यापर्यंत स्लाइडचा कापलेला कोपरा. पाव ते पाऊण सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमा एकमेकांत मिसळतात, पण कामाला एवढं पुरतं. ग्रिपवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाव-अर्धा-पाऊणच्या खुणा करा, आणि मालकाला विचारा, "कुठल्या खुणेवर अडखळते?" शहरात चाळीसच्या स्पीडने चालणारी बुलेट बहुतेक वेळ पाव थ्रॉटलच्या आतच असते. तिथली तक्रार घेऊन आलेल्या गाडीत मोठा मेन जेट टाकणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

क्रम मात्र मेनपासून धरा, कारण पूर्ण थ्रॉटल जमला की खालचं जुळवणं सोपं जातं. पूर्ण थ्रॉटल तपासायला हायवेवर धावायची गरज नाही. कमी वर्दळीचा लांब चढ शोधा, तिसरा गियर, पूर्ण उघडा. स्पीड बेताचा राहतो आणि इंजिनावर भार पुरेसा येतो. आता थ्रॉटल किंचित मिटा. मिटल्यावर गाडी जोर धरते? मेन लीन आहे, एक माप मोठा जेट घाला. पूर्ण उघडल्यावर जड, घुटमळत चालते? रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

प्लग बघायचा तर नवा प्लग लावून त्याच चढावर थोडं अंतर तसंच चालवा, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. स्लोवर घरी आणलेल्या गाडीचा प्लग फक्त पायलटची गोष्ट सांगतो. "विटकरी रंग यायला पाहिजे" असं जुने मिस्त्री म्हणतात, ते शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हापासून प्लग फिकटच दिसतो. पोर्सलीनच्या अगदी आत, बुडाशी काजळीचं वलय दिसतं का ते बघा.

सुईला खाचा असतात, वरून मोजायच्या. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर जाते आणि मिश्रण रिच होतं. नवी मुलं इथे उलटसुलट करतात. नुसता सायलेन्सर बदललेल्या आणि एअरबॉक्स जागेवर असलेल्या गाडीत एक खाच आणि थोडं पायलटचं काम एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं.

शेवटी पायलट, इंजिन गरम असताना. या कार्बोरेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवेचा: आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये नेमकं उलट. हलक्या हाताने पूर्ण आत बसवा, दीड फेरा बाहेर काढा, मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे रेस सगळ्यात वर जाते ती जागा पकडा आणि स्लो पुन्हा कमी करा. ही जागा एक फेऱ्याच्या आत आली तर पायलट जेट लहान पडतोय. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर मोठा. मग रेस मारून सोडा. रेस वरच लोंबकळत हळूहळू उतरली तर लीन, खाली बुडून बंद पडायला आली तर रिच.

इथे पीयूसी केंद्राचा उपयोग करून घ्या. तिथलं मशीन स्लोवरचा कार्बन मोनॉक्साइड मोजतं, म्हणजे तुमच्या पायलटचाच हिशेब. मार्च २००० नंतरच्या, पण बीएस४ (भारत स्टेज ४ हा प्रदूषणाचा निकष) येण्यापूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्क्यांची मर्यादा आहे. आकडा तिथेच टेकला असेल तर स्क्रू थोडा बाहेर काढा.

जेट साफ करायला तार घालू नका. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं, तारेच्या ओरखड्याने माप बदलतं आणि वरचा नंबर खोटा ठरतो. स्वस्त जेटवरचे नंबर तसेही भरवशाचे नसतात. वेगळ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांशी ताडून बघू नका.

कोन फिल्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडची धूळ आणि पाऊस बघता रोजच्या गाडीला तो लावू नये. मालक ऐकत नसेल तर निदान तेल लावायचा चांगला फिल्टर घ्यायला सांगा. सायलेन्सरच्या आवाजाचंही आधीच सांगून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिने लायसन्सही जातं. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय.

पंपावरचं पेट्रोलही बदललंय. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं पूर्ण जळण्याचं प्रमाण १४.७ नव्हे, साडेतेराच्या आसपास येतं, कारण इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं. म्हणजे काहीही न बदललेली जुनी गाडीसुद्धा थोडी लीन झाली आहे, आणि मोकळ्या सायलेन्सरची गाडी त्याहून जास्त.

जागेचा फरकही धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथली हवा कोकणापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. पुण्यात अगदी काठावर जुळवलेली गाडी अलिबागला उतरली की लीन होते, म्हणून शेवटचा जेट निवडताना किंचित रिचकडे झुका. लडाखला निघालेल्या गाडीचं उलट: लेह ३,५०० मीटरवर, हवा जवळजवळ एक-तृतीयांश विरळ, गाडी रिच होऊन घुसमटते. तिथे सुई एक खाच खाली (म्हणजे क्लिप एक खाच वर) आणि एक-दोन मापं लहान मेन जेट चालतो. मूळ जेट मात्र कागदात गुंडाळून टूलबॉक्समध्ये द्या, आणि मनालीच्या खाली मैदानात लांब पळवण्याआधी तो परत बसवायला सांगा.