कोळशाची टूथपेस्ट आणि दातांची झीज: या चुका टाळा

कोळशाची टूथपेस्ट वापरणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक पेस्ट निवडण्याच्या आधीच झालेली असते: दाताचा पिवळेपणा म्हणजे वर बसलेला मळ, असे ते गृहीत धरतात. वास्तविक दातावरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचा थर, म्हणजे डेंटिन, मुळातच पिवळसर असतो, त्यामुळे जो रंग खरवडून काढण्याचा खटाटोप चाललेला असतो तो पुष्कळदा दाताचा स्वतःचाच रंग असतो.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने कोळशाची पूड आणि कडक ब्रश घेऊन आठ महिने दिवसातून दोनदा दात घासले होते. सुरुवातीला वरवरचे डाग निघाले, पुढे हिरडीलगत दात पिवळे दिसू लागले, म्हणून त्याने जोर वाढवला. पिवळेपणा आणखी वाढला, तेव्हा घासण्याचा वेळही वाढवला. डावा सुळा मी त्याला आरशात दाखवला. हिरडीलगत आडवी, चकचकीत खाच पडली होती आणि तिच्यात नखाची कड अडकत होती. उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर बहुधा डाव्या सुळ्यावर आणि उपदाढांवर पडतो; त्याची उजवी बाजू त्या मानाने शाबूत होती. हवेचा फवारा मारताच तो खुर्चीत दचकला. दाढेच्या उंचवट्यांवर सुमारे अडीच मिलिमीटर जाड असलेले इनॅमल हिरडीजवळ जवळजवळ नाहीसे होते, आणि ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपत असल्याने झिजलेले परत येत नाही. खाच मी भरून दिली. पण ते ठिगळ आहे, दात नव्हे.

कोळसा डाग शोषून घेतो, हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. शोषण्याचा गुण खरा आहे, म्हणूनच काही विषबाधांत तो पोटात देतात. परंतु दोन मिनिटांच्या घासण्यात जे डाग निघतात ते मुख्यतः घर्षणाने निघतात. 2017 साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील आढाव्यानेही या उत्पादनांची सुरक्षितता आणि उपयुक्तता सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नसल्याचेच म्हटले होते. टूथपेस्ट डेंटिन किती झिजवते ते आरडीए या अंकाने मोजतात आणि आंतरराष्ट्रीय मानकाची कमाल मर्यादा 250 आहे. हा अंक खोक्यावर क्वचितच छापतात. पूड चिमटीत मऊ लागली म्हणजे ती दाताला सौम्य ठरत नाही.

फ्लोराइड नसलेली पेस्ट रोज वापरू नये. मी आधी फ्लोराइडचा 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) हा आकडा शोधतो, रंग नंतर पाहतो. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच घासू नये, निदान अर्धा तास थांबावे. ब्रश मऊ असावा आणि मुठीत आवळू नये. मी तो पेन्सिलीसारखा बोटांत धरतो, कारण त्या पकडीत जोर लावताच येत नाही. आठ दिवसांत शुभ्र दात हवे असणाऱ्यांना हे रटाळ वाटते, याची मला कल्पना आहे.

शेवटची चूक म्हणजे दात भरलेल्या जागेभोवतीची काळी रेघ पाहून कीड लागली असे ठरवणे आणि मग तीच पेस्ट अधिक जोमाने घासणे. कोळशाचे बारीक कण भरावाच्या कडेला आणि दाताच्या भेगांत अडकून राहतात. अशी रेघ घरी उकरू नये. ती कीड आहे की कोळसा, हे दंतवैद्याने तपासावे, आणि पॉलिश करूनही ती गेली नाही तर भरावाची कड दुरुस्त करून घ्यावी.