छोट्या मोटरहोमची देखभाल आणि सुधारणा: आधी टप कोरडा, मग वीज, मग पाणी

मोटरहोम हे हादरे खात धावणारं घर आहे. त्याच्या भिंती, टप, खिडक्या आणि नळजोड प्रत्येक खड्ड्यागणिक एकमेकांपासून केसभर सरकतात. सांधे सैल होतात आणि सैल सांध्यातून सगळ्यात आधी आत शिरतं ते पाणी. नवी बॅटरी, सौर पॅनल, टपावरचा पंखा हे सगळं करावंसं वाटणं साहजिक आहे. पण ओल धरलेल्या टपावर पॅनल बसवायचं तर स्क्रू कुजक्या फळीतच पिळले जाणार. म्हणून आधी गळती शोधा.

ओल कुठे आणि कशी शोधायची

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तासभर काढा. टॉर्च घेऊन कपाटांचे आतले कोपरे, खिडक्यांचे खालचे कोपरे, टपावरच्या झरोक्याची चौकट, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू आणि गाद्यांखालचे कप्पे पाहा. भिंतीवर अंगठा दाबून चालवा. भिंत घट्ट हवी. कुठे मऊ लागली, वॉलपेपरला फुगवटा आला किंवा कुबट वास आला तर तिथे थांबा.

दोन पिनांचा ओलावामापक असेल तर काम सोपं होतं. लाकडात पंधरा टक्क्यांच्या आत आकडा आला तर काळजी नाही. १५ ते २० असेल तर खडूने खूण करून महिन्याभराने पुन्हा मोजा. वीसच्या वर गेला तर पाणी आत येतंय असं धरून चाला. पिना धातूच्या पट्टीला किंवा चंदेरी फॉइलला टेकल्या तर आकडा खोटाच मोठा येतो, त्यामुळे शेजारी दोन-तीन ठिकाणी मोजून खात्री करा.

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी आत शिरल्यावर लाकडी पट्टीवरून वाहत जातं आणि हातभर लांब कुठेतरी टपकतं. शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं, धार हलकी ठेवून, *खालून वर* सरकत, प्रत्येक सांध्यावर पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि कोणता गळतोय ते कळत नाही. जोरदार दाबाची धार वापरू नका. ती चांगलं सीलही उचकटते.

झरोका काढून पंखा बसवणं

गळक्या झरोक्याची चौकट काढायचीच असेल तर त्याच जागी बारा व्होल्टचा पंखा बसवून घ्यावा. कष्ट तेवढेच पडतात आणि उन्हाळ्यात याच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. नवा पंखा आणण्याआधी भोकाची लांबी-रुंदी आणि टपाची जाडी मोजा. ३६ सेंटिमीटर आणि ४० सेंटिमीटर चौरस ही दोन मापं सर्रास आढळतात. एकाची चौकट दुसऱ्यात बसत नाही.

लागणारं सामान: ब्युटाइल टेप (सांधा बुजवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी; सुमारे तीन मिलिमीटर जाड, २० ते २५ मिलिमीटर रुंद), टपाच्या पृष्ठभागाला चालणारं लवचिक सीलंट, प्लॅस्टिकची खरवडणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सुटणारे फडके, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू.

१. बॅटरीची ऋण तार काढा. आतली शोभेची चौकट आणि मग बाहेरचे स्क्रू काढा. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने सोलून चौकट सावकाश उचला. पोलादी पात्याने रबरी टप हमखास कापला जातो.

२. भोकाच्या कडेचं लाकूड टोचून पाहा. ओलं असेल तर आज काम थांबवा, वर ताडपत्री टाका आणि आतून पंख्याची हवा देत दोन-चार दिवस वाळू द्या. मऊ झालेला भाग कापून नवी पट्टी चिकटवा. ओल आत कोंडून वरून सील केलं तर लाकूड आणखी वेगाने कुजतं.

३. कडेच्या चारी बाजू अल्कोहोलने पुसा. टप रबरी असेल तर पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर जवळही आणू नका. रबर फुगतं आणि सुटून येतं.

४. टेप चौकटीच्या खालच्या बाजूला लावा. कोपऱ्यांत टोकं सेंटिमीटरभर एकमेकांवर चढवा. स्क्रूची भोकं टेपच्या आत आली पाहिजेत.

५. चौकट ठेवा, समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून आवळा. टेप कडेने जराशी बाहेर डोकावली की थांबा. ब्युटाइल हळूहळू पसरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा-पाऊण फेरा आवळावा लागतो. ही पायरी बरेच जण विसरतात, आणि पहिल्याच पावसात गळती परत येते.

६. बाहेर आलेली टेप कापा. स्क्रूच्या डोक्यांवर आणि चौकटीच्या कडेवर सीलंटचा सलग पट्टा द्या. पुस्तिकेत दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत गाडी हलवू नका.

घरातलं साधं सिलिकॉन इथे वापरू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. ते कालांतराने कडेने सुटतं आणि त्याचा अदृश्य थर मागे राहतो, ज्यावर पुढचं कोणतंही सीलंट धरत नाही. पॉलियुरेथेनचं सीलंट धातू आणि फायबरग्लासवर उत्तम धरतं, पण अॅक्रिलिकच्या खिडक्यांना त्याने तडे जाऊ शकतात. तिथे ब्युटाइलच बरं.

पंख्याची वायर: पाच अँपिअरचा पंखा आणि बॅटरीपासून पाच मीटर अंतर असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते. फ्यूज किती अँपिअरचा घालायचा ते पंख्याच्या पुस्तिकेत पाहा.

वीज: खरेदीआधी हिशेब

बॅटरी विकत घेण्याआधी कागदावर दिवसाचा खर्च मांडा. एका छोट्या गाडीचा नमुना असा: कॉम्प्रेसरचा फ्रिज चार अँपिअर, उन्हाळ्यात दिवसातले निम्मे तास चालतो, म्हणजे ४८ अँपिअर-तास. छताचा पंखा दोन अँपिअरने आठ तास, १६. दिवे एक अँपिअरने चार तास, ४. पंप आणि फोन मिळून ७. एकूण ७५ अँपिअर-तास.

लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त वापर नेहमी काढला तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून या खर्चाला १५० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून ऐंशी टक्के बिनधास्त काढता येतात, म्हणून १०० ची पुरते, आणि वजनही निम्म्याहून कमी. मात्र ती शून्य अंशाखाली *चार्ज* करायची नसते. आत तापमानाचं संरक्षण आहे का ते पाहून घ्या. जुना चार्जर आणि सौर नियंत्रक दोन्ही लिथियमच्या सेटिंगवर येतात का, हेही आधीच तपासा.

किती चार्ज उरलाय हे ओळखायची रीत दोघींची वेगळी. लेड-अॅसिडला काही तास विश्रांती देऊन मोजलं तर १२.७ व्होल्टला ती भरलेली आणि १२.२ च्या आसपास निम्मी असते. लिथियमचा व्होल्टेज मात्र बराच काळ जवळजवळ एकाच जागी राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तिथे शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारी पट्टी) लावलेला मापक हवाच.

वायरची जाडी अंदाजाने ठरवू नका. सूत्र सोपं आहे: जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले ०.०१७५, भागिले वायरीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. उत्तर म्हणजे वाटेत वाया जाणारे व्होल्ट. बारा व्होल्टवर तीन टक्के म्हणजे ०.३६ व्होल्टपर्यंत ठीक. इंजिनच्या बॅटरीपासून चार मीटरवर ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना इंजिनकडच्या विजेवर राहण्याच्या भागाची बॅटरी भरणारा) असेल तर दहाच्या वायरीत ०.४२ व्होल्ट जातात आणि सोळाच्या वायरीत ०.२६. अर्थात सोळाची घ्या.

हा डीसी-डीसी चार्जर का हवा? लिथियम बॅटरी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या वीजजनित्राला, थेट जोडली तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि गाडी रिकाम्या वेगावर उभी असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय नव्या इंजिनांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मधूनच खाली आणतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या साध्या रिलेवर राहण्याच्या भागाची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही.

फ्यूज हा उपकरणासाठी नसून *वायरीसाठी* असतो. वायर घासून चेसिसला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि फ्यूज नसेल तर वायरच तापून पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. वर सांगितलेल्या चार्जरच्या वायरीला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तेव्हा फ्यूजही दोन. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापली जाऊ नये म्हणून बसवायची कडी) घाला, दर ३० सेंटिमीटरवर बांधा आणि टोकं नीट दाबयंत्राने क्रिंप करा. नुसत्या डागकामावर (सोल्डरिंगवर) विसंबू नका; डागाशेजारी तार कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

सौर पॅनलबद्दल थोडक्यात: टपावर आडव्या २०० वॉटच्या पॅनलमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण ५० अँपिअर-तास धरा, त्याहून जास्त आशा ठेवू नका. पॅनलखाली तीन सेंटिमीटर तरी हवा खेळू द्या, तापलेलं पॅनल कमी वीज देतं. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना उलट क्रम.

पाण्याची टाकी आणि पंप

टाकी दर सहा महिन्यांनी आणि दीर्घ मुक्कामानंतर निर्जंतुक करा. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: पाच टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच लिटरला एक मिलिलिटर. साठ लिटरच्या टाकीला साठ मिलिलिटर. ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळून ओता, टाकी पूर्ण भरा, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि चार तास तसंच ठेवा. मग रिकामी करून दोन-तीनदा धुवा. गरम पाण्याची टाकी अॅल्युमिनियमची असेल तर ती बायपास करा. क्षार काढायला सायट्रिक अॅसिड वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, मधे भरपूर धुऊन. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पंपाची दुखणी बहुतेक दोनच. नळ बंद असताना पंप मधूनच घरघरतो, तेव्हा कुठेतरी पाणी झिरपतंय किंवा पंपातली झडप दाब धरत नाही. पंप सतत चालतो पण पाणी येत नाही, तेव्हा तो टाकीच्या बाजूने हवा ओढतोय: गाळणीचं झाकण घट्ट करा, गाळणी धुवा, तिची रबरी रिंग पाहा. थंडीत पाणी गोठण्याची शक्यता असेल तर टाकी, पंप आणि हीटर तिन्ही रिकामे करून नळ उघडे ठेवा.

गॅस

गॅस जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोक ठेवलेलं असतं. वारा येतो म्हणून ते बोळ्याने बंद करण्याची चूक जिवावर बेतते. जोड साबणाच्या फेसाने तपासा, नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदला, गॅसचा गजर जमिनीलगत लावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा लावा. पाइप कापणं, नवा जोड काढणं हे परवानाधारक माणसाचं काम.

आणखी एक गोष्ट: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. भिंती गळत नसतानाही गादीखाली ओल दिसली तर कारण बहुधा हेच. स्वयंपाक करताना वरचा पंखा बाहेर फेकणारा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. गादीखाली जाळीदार चटई घातली तर हवा खेळते.

वजन आणि टायर

प्रत्येक सुधारणेचं वजन मोजून लिहून ठेवा. सगळं सामान, भरलेली टाकी आणि माणसं घेऊन गाडी वजनकाट्यावर न्या आणि दोन्ही अॅक्सल वेगवेगळे तोला. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अॅक्सल जास्त भरलेला असतो, कारण पाणी, सायकली आणि बॅटऱ्या बहुधा मागेच जातात. आलेल्या आकड्यांवरून टायर कंपनीच्या तक्त्यातला हवेचा दाब ठरवा आणि टायर थंड असताना भरा.

टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी महिनोन्महिने एकाच जागी भरल्या वजनाने उभी असते. नक्षी नवी दिसली तरी बाजूच्या भिंतीला बारीक तडे दिसले तर तो टायर काढा. गाडी उभी असताना चाकांवर ऊन पडू देऊ नका आणि महिन्यातून एकदा ती थोडी पुढे-मागे करा.