ऐनवेळच्या विषयात तुमचं प्रशिक्षण मागू नका

रस्ते-इंजिनिअरांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलंत, एखाददुसऱ्या प्रशिक्षणाला बसलात आणि आता वार्षिक सभेची नोटीस हातात पडली आहे. त्यात व्याख्यान नाही, प्रात्यक्षिक नाही. नुसतं इतिवृत्त, हिशेब, अंदाजपत्रक, कार्यकारिणीची निवड. म्हणून बहुतेक नवे उपयंत्री (कनिष्ठ अभियंते) त्या रविवारी घरी राहतात. राहू नका. पुढच्या हंगामात इंदूरजवळच्या देपालपूरच्या माणसाला काय शिकायला मिळेल आणि अलिराजपूरच्याला काय, हे प्रशिक्षणाच्या वर्गात ठरत नाही. ते या कंटाळवाण्या वाटणाऱ्या सभेत ठरतं.

आमच्या इंदूरच्या संघटनेत ग्रामीण यांत्रिकी सेवेतले लोक आहेत, नगर परिषदांचे इंजिनिअर आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत, थोडे निवृत्त साहेब आहेत. मोठ्या महामार्गांवर काम करणाऱ्यांना नोएडाच्या हायवे इंजिनिअर्स अकादमीत पाठवलं जातं. पंचायतीचा दीड किलोमीटरचा रस्ता करणाऱ्याला कोण पाठवतं? अमेरिकेतही हाच प्रश्न होता. काउंट्या (तिथले जिल्हे) आणि छोट्या गावांचे रस्ते सांभाळणाऱ्यांसाठी तिथे १९८२ मध्ये केंद्र सरकारच्या महामार्ग खात्याने ग्रामीण तांत्रिक साहाय्याचा कार्यक्रम सुरू केला. १९९१ च्या कायद्यानंतर तो शहरांनाही लागू झाला आणि त्याचं नाव एलटॅप, म्हणजे स्थानिक तांत्रिक साहाय्य कार्यक्रम, झालं. राज्याराज्यांतल्या त्या प्रशिक्षण केंद्रांची एक राष्ट्रीय संघटना आहे आणि तिचीही अशीच कामकाजाची सभा भरते. आपल्याकडे १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. एक मराठी वकील रस्त्यांचा एवढा खोल विचार करून गेला याचा मला मनापासून अभिमान आहे. रस्तेवाल्यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं, ही गोष्ट तेव्हापासून चालत आली आहे.

आता मुद्द्यावर येते.

नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. नव्या माणसाला वाटतं, ही जागा आपली. वरचे सगळे विषय जुन्यांचे, इथे आपण बोलायचं. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्यात माझा एक पूर्ण हंगाम गेला.

माझी मागणी साधी होती. मालव्यातल्या काळ्या मातीवर, प्रत्यक्ष साइटवर, एक दिवस वाळू-पद्धतीने घनता काढायचं प्रात्यक्षिक. म्हणजे दाबलेल्या मातीत छोटा खड्डा घ्यायचा, तो वाळूने भरायचा, वाळूच्या वजनावरून खड्ड्याचं आकारमान काढायचं आणि माती किती घट्ट बसली ते मोजायचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिजवून काढलेला सीबीआर, म्हणजे मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, दोन-तीन टक्क्यांवरही येतो. अशा मातीत वरच्या ३०० मिलिमीटर सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीला, ठरलेली घनता मिळाली की नाही, हे मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. वाळू १ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली हवी, आणि कोरडी हवी. ओलसर वाळू फुगते, खड्ड्यात कमी वजनाची बसते. मग खड्डा हिशेबात लहान निघतो आणि घनता आहे त्याहून जास्त दिसते. रस्ता कागदावर पास होतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात बसतो. हे कॉलेजात सांगतात, हाताने करून कोणी घेत नाही.

हे सगळं मी सभेत उभी राहून सांगितलं. माना हलल्या, टाळ्या पडल्या, अध्यक्ष म्हणाले, ‘फार चांगली सूचना आहे, मॅडम.’ मी घरी जाऊन आईला सांगितलं की मंजूर झालं. इतिवृत्त आलं तेव्हा त्यात एकच वाक्य होतं: ‘साइटवरील प्रशिक्षणाबाबत चर्चा झाली.’ ठराव नाही, रक्कम नाही, कोणी करायचं ते नाही. आमची सभा पावसाळ्यात असते आणि मातीकाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतं. चर्चेवर सुटलेला विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबला. दरम्यान झालेले रस्ते तसेच झाले. त्यातला एक माझ्या रोजच्या वाटेवर आहे आणि त्याच्या कडा पाहिल्या की आजही मला वाईट वाटतं.

नियम मात्र चुकीचा नाही. जो विषय नोटिशीत नाही त्यावर पैसे खर्चायचा ठराव आमच्या नियमावलीत करता येत नाही, कारण घरी राहिलेल्या सभासदाला तो विषय येणार हे कळलेलंच नसतं. अलिराजपूरचा माणूस आला असता, कदाचित म्हणाला असता की पहिलं प्रात्यक्षिक आमच्याकडे घ्या. त्याच्या मागे त्याचे पैसे वाटून टाकणं अन्यायाचं आहे. म्हणून ऐनवेळच्या विषयात बोलता येतं, मागता येत नाही. आणि कोरम न भरल्यामुळे अर्ध्या तासाने सभा पुन्हा भरली, तर त्या तहकूब सभेत नोटिशीतलेच विषय चालतात. मग बोलणंही राहून जातं.

त्यामुळे प्रस्ताव लेखी द्या. नोटीस निघायच्या आधी द्या, निघाल्यावर नाही. त्यात कोणासाठी, किती जणांसाठी, कुठल्या महिन्यात, कुठल्या साइटवर, कोणती उपकरणं कोणाच्या प्रयोगशाळेतून, शिकवणाऱ्याची संमती, आणि एकूण खर्च. खर्चाचा आकडा नसलेला प्रस्ताव म्हणजे नुसती इच्छा. सूचक तुम्ही, अनुमोदक दुसरा सभासद, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला. सचिवांकडून पोच घ्या. मोबाइलवरचा निळा टिक पोच धरू नका.

एवढ्यावर थांबू नका. विषयपत्रिकेत तुमचा विषय अंदाजपत्रकाच्या आधी आला पाहिजे. अंदाजपत्रक आधी मंजूर झालं आणि त्यात तुमच्या प्रशिक्षणाची बाब नसली, तर नंतर झालेल्या ठरावाला पैसा कुठून आणणार? सचिव हा क्रम लावताना कुणाचं वाईट चिंतत नाहीत, गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून लावतात. तुम्ही सांगितलं तर बदलतात. ठरावाच्या शब्दांत ‘अमुक रकमेपर्यंत’, ‘अमुक बाबीतून’, ‘अमुक यांनी’, ‘अमुक तारखेच्या आत’ हे चारही असू द्या. सभा संपली की उठू नका, सचिवांच्या शेजारी जाऊन तो ठराव कसा लिहिला गेला ते वाचा. पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ या विषयात फक्त नोंद बरोबर आहे का एवढंच बघतात. तिथे राहिलेला विषय नव्याने उघडता येत नाही.

पहिल्या वर्षी हे सगळं जमलं नाही तरी खचू नका. कार्यकारिणी वर्षातून बऱ्याचदा भरते आणि लहान खर्चाची कामं तिथेही होतात. माझं प्रात्यक्षिक शेवटी झालं, सांवेरच्या बाजूला, आणि आलेल्यांतला एकही जण जेवणाच्या सुट्टीनंतर निघून गेला नाही. बोलायची भीती वाटत असेल तर लिहिलेलं वाचून दाखवा. हिंदी अडखळली तरी लोक ऐकून घेतात, कामाचं बोलणाऱ्याला या सभेत कोणी टोकत नाही.

एक स्पष्ट सांगते, कोणाला लागलं तरी. ग्रुपवर भरलेली गुणवत्ता-नियंत्रण रजिस्टरं फिरतात, आकडे बदलून वापरा म्हणून. हात लावू नका. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत राज्याचा आणि राष्ट्रीय निरीक्षक रजिस्टर पाहतो आणि नंतर खड्डाही खणायला लावतो. एकाच साच्यातल्या नोंदी त्यांना पहिल्या पानावर ओळखू येतात. आणि मार्गदर्शक निवडताना पीडीएफ पाठवणाऱ्यापेक्षा सकाळी सहाला साइटवर बोलावणारा निवडा. माझ्या अनुमोदनाला उभे राहिलेले निवृत्त काका असे होते. प्रस्तावाचा मसुदा त्यांनी तीनदा परत पाठवला, प्रत्येक वेळी खर्चाच्या रकान्यावर लाल खूण करून. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सभेत खजिनदारांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या खुणांमधलाच निघाला.

ठरावाची भाषा सुचत नसेल तर सचिवांकडे मागच्या काही वर्षांची इतिवृत्तं मागा. आमच्याकडे सभासदाला ती पाहू देतात. त्यात मंजूर झालेले प्रशिक्षणाचे ठराव शोधा, वाक्यं तीच ठेवा, विषय आणि आकडे तुमचे घाला.