गेटर-सेटरच्या टेस्ट: कोणत्या लिहायच्या, कोणत्या सोडायच्या

सेटर किंमत ठेवतो, गेटर ती परत देतो. किंमत ५ ठेवली, ५ परत आली, टेस्ट हिरवी, म्हणजे पास. अशा टेस्ट मीही ढिगाने लिहिल्या आहेत. त्यात परीक्षा होते ती पायथॉनची, आपल्या कोडची नाही. कव्हरेजचा आकडा, म्हणजे टेस्टमध्ये किती टक्के कोड चालला तो, तेवढा फुगतो.

म्हणून आधी प्रॉपर्टी (गेटर-सेटरची जोडी) उघडून बघा. आत नुसतं ठेवणं आणि देणं असेल तर सोडून द्या. काही निर्णय होत असेल तर मात्र थांबा. समजा, बँक खात्याच्या क्लासमध्ये आयएफएससी कोड आहे: एकूण ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचव्या जागी शून्य. सेटर मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढतो, लहान अक्षरं मोठी करतो, चुकीचा कोड नाकारतो. प्रत्येक कामाला एक टेस्ट. मग १० आणि १२ अक्षरांचे कोड देऊन बघा. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाका. टाइप करताना हीच चूक सहज होते. आणि नकार मिळाल्यावर जुना कोड जागेवर आहे ना, हेही तपासा. अपेक्षित उत्तर हाताने लिहा. टेस्टमध्ये पुन्हा तेच लॉजिक वापरलंत तर चूकही तीच होईल.

आता या कोडवरून शाखेचं नाव बाहेरच्या सेवेकडून आणायचं आहे. हा कॉल गेटरमध्ये लपवू नका. साधं नाव वाचताना नेटवर्क अडकेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. कॉल वेगळ्या क्लासमध्ये ठेवा, तो खात्याला बाहेरून द्या. मग टेस्टमध्ये त्या जागी नकली क्लास बसवता येतो. त्याच्याकडून नीट उत्तर, ४०४ (सापडलं नाही), टाइमआउट (वेळेत उत्तर नाही), आणि २०० (सगळं ठीक) येऊनही शाखेचं नावच गायब, असे चारही प्रकार वदवून घ्या. खरा त्रास बहुधा चौथा देतो.

खऱ्या कॉलच्या क्लासला स्वतःची टेस्ट हवी. वेब कॉल करणारी ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी आपणहून टाइमआउट लावत नाही, तेव्हा तो दिला जातोय का ते तिथे पाहा. साधा मॉक (पायथॉनची तयार नकली वस्तू) कुठल्याही मेथडला मान डोलावतो, नाव चुकलं तरी. त्याऐवजी ऑटोस्पेक वापरा, तो खऱ्या क्लासमध्ये नसलेली मेथड नाकारतो.

सगळं हिरवं झालं की शून्य तपासणारी ओळ कॉमेंट करून (म्हणजे तात्पुरती बंद करून) टेस्ट पुन्हा चालवा. ‘ओ’वाली टेस्ट लाल झाली नाही, तर ती नव्याने लिहा.