रवानगी लिहून घ्या: शहर पोलिसांत नव्याने हजर होणाऱ्यांसाठी

ट्रेनिंगचे नऊ महिने संपले, दीक्षान्त संचलन झालं, घरच्यांचे स्टेटस लागून उतरले. आता आयुक्तालयात हजर व्हायचंय. मैदान, लेखी, मेरिट यांवर मी एक ओळही लिहिणार नाही. त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला त्यानंतरचं सांगायचंय, आणि त्यातलंही निम्मं एकाच गोष्टीबद्दल आहे: रवानगी, म्हणजे नेमलेली जागा सोडताना ठाण्याच्या स्टेशन डायरीत होणारी नोंद. त्या एका गोष्टीने चार महिने माझी झोप उडवली होती.

आधी माणसांचा हिशोब समजून घ्या. ठाण्याचं मंजूर बळ फळ्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा बघून हुरळू नका. त्यातून रिक्त पदं वजा करा. नाव ठाण्यात, काम दुसऱ्या शाखेत असे संलग्न लोक वजा करा. रजेवरचे, सिकमधले, कोर्टात साक्षीला गेलेले वजा करा. मग मुद्देमाल, बारनिशी (टपालाची आवक-जावक), समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी, गोपनीय, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), डीबी म्हणजे गुन्हे शोध पथक, यांवरचे लोक वजा करा. एवढं झाल्यावर जे उरतात त्यांच्यातून ठाणे अंमलदाराचे (ठाण्यात बसून नोंदी घेणाऱ्याचे) मदतनीस, लॉकअप गार्ड, हद्दीत गस्त घालणारे बिट मार्शल आणि ११२ ची गाडी चालवायची, तीही दिवसपाळी-रात्रपाळीत वाटून. सकाळच्या हजेरीला ड्युटी वाटणाऱ्या अंमलदारांचा चेहरा बघा. महिनाअखेरीला किराणा भरायला निघालेल्या माणसाचा असतो तसाच.

आठ तासांच्या ड्युटीचं तुम्ही ऐकलं असेल. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून तो प्रयोग सुरू झाला होता, आणि तो चांगलाच होता. पण तुमच्या ठाण्यात किती तास, ते तिथल्या हजेरीपटावर ठरतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे आपण कायमच कर्तव्यावर असल्याचं धरलं जातं, हे ट्रेनिंगमध्ये पाठ केलं होतं. त्याचा अर्थ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन वाजतो तेव्हा कळतो.

आता मुख्य गोष्ट. माणसं कमी असली की कागदावर तुम्ही एका जागी असता आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच. महिला असाल तर जास्तच. महिला आरोपीची झडती महिलेनेच घ्यायची, पीडितेजवळ महिला हवी, मोर्चात महिला आल्या की महिला हव्यात. आणि पाळीत आपण दोघी, कधी एकटीच. म्हणून ‘मॅडम, जरा तिकडे जाऊन या’ हे वाक्य तुम्ही दिवसातून चार वेळा ऐकाल. जायचंच आहे. पण जाण्याआधी नोंद.

माझं दुसरं वर्ष. विसर्जनाचा बंदोबस्त, मला एका चौकातला पॉइंट. दुपारी चारच्या सुमारास गर्दीत एक आजी पडल्या, डोकं फुटलं, पदर रक्ताने भिजला. बंदोबस्तासाठी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले एक साहेब शेजारीच होते. ते म्हणाले, ‘तुम्ही बसा यांच्याबरोबर, मी बघतो इकडचं.’ मी रुग्णवाहिकेत बसले. आजींनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्या सारखं विचारत होत्या, ‘माझी पिशवी घेतलीस ना गं?’ पिशवी माझ्या मांडीवर होती. ठाण्यात एक फोन करायला हवा, हे मला सुचलंही नाही.

मी गेल्यावर चेकिंगची गाडी आली. पॉइंटवर कोणी नाही. वॉकीटॉकीवर माझा बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) पुकारला गेला, उत्तर नाही, कारण सेट मी जोडीदाराकडे ठेवला होता आणि तो चहाला गेला होता. अहवाल गेला: पॉइंटवर गैरहजर. आठ दिवसांनी कारणे दाखवा नोटीस हातात. ते साहेब तोवर आपल्या जिल्ह्यात परत गेले होते. मोठ्या मिनतवारीने फोन लागला. ते म्हणाले, ‘त्या दिवशी मी पन्नास जणांना पन्नास कामं सांगितली, मला नाही आठवत.’ खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. खरंच आठवत नसेल. म्हणूनच तर सांगतेय.

मला वाचवलं ते रुग्णालयातल्या पोलीस चौकीच्या रजिस्टरने. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या जखमी रुग्णाची, नोंद करताना तिथल्या हवालदारांनी माझं नाव, बक्कल नंबर आणि वेळ लिहून सही घेतली होती. सही करताना मी कुरकुरले होते. त्या पानाची प्रत खुलाशाला जोडली, तरी पॉइंट न कळवता सोडल्याबद्दल ताकीद मिळालीच. वेतनवाढ वाचली. प्रत मिळेपर्यंतचे चार महिने मात्र कोणी परत देत नाही.

तर करायचं एवढंच. जागा सोडण्याआधी ठाणे अंमलदाराला फोन. ‘अमुक साहेबांच्या तोंडी आदेशाने, अमुक वाजता, अमुक ठिकाणी जातेय, स्टेशन डायरीला घ्या.’ मग नोंद क्रमांक विचारायचा आणि खिशातल्या डायरीत लिहायचा. नुसतं ‘हो, घेतो’ यावर फोन ठेवायचा नाही. ते चिडतील. चिडू द्या. मोठ्या बंदोबस्तात ठाण्याचा फोन लागत नाही, तेव्हा नियंत्रण कक्षाला वायरलेसवर कळवा, तिथे वेळेची नोंद पडते. तेही जमलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाका. नोंदीची सर त्याला नाही, पण कोरं असण्यापेक्षा बरं. परतल्यावर परत आल्याचीही नोंद. ही दुसरी नोंद हमखास राहते, आणि मग कागदावर तुम्ही रात्रभर रुग्णालयातच बसलेले असता.

आणि हो, एका नोटिशीने नोकरी जात नाही. मला वाटलं होतं जाते. आईला सांगितलंही नव्हतं. शिक्षेचा आदेश निघाला तरी १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांनुसार दाद मागता येते. खुलासा मात्र स्वतः लिहा. चारशे रुपयांत खुलासा लिहून देणारे भेटतात, त्यांचा मजकूर सगळ्यांना सारखाच असतो आणि वरच्या कार्यालयाला तो पाठ असतो.

काउंटरचं थोडक्यात. लोक चारित्र्य पडताळणीसाठी येतात, मोबाइल हरवला म्हणून येतात, शेजाऱ्याचं नळावरचं भांडण घेऊन येतात. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची, हे स्पष्ट आहे. झिरो क्रमांकाने नोंदवा, मग ज्यांची हद्द त्या ठाण्याकडे वर्ग करा. ई-एफआयआर आली तर तीन दिवसांत सही, हे तक्रारदाराला तोंडाने सांगा. त्याला ते माहीत नसतं. जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, तेव्हा फोन चार्ज ठेवा. हसू नका, बॅटरी संपून पंच ताटकळलेले मी पाहिलेत.

टायपिंग येतं हे पहिल्या आठवड्यात सांगू नका. एकदा कळलं की सीसीटीएनएसच्या खुर्चीतून उठणं अवघड, आणि रस्ता शिकायचा राहून जातो. वर्षभराने खुशाल सांगा.

गुरूबद्दल माझं मत जरा कडू आहे. ‘मी साहेबांना सांगून तुला साइड ब्रँच (ठाण्याबाहेरची शाखा) मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. साहेबांची बदली होते, उपकार तसेच राहतात. त्यापेक्षा निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, दिवसभर पुटपुटणारा एखादा हवालदार शोधा. माझ्या ठाण्यात असे एक होते. माझ्या नोटिशीनंतर त्यांनी सल्ला वगैरे काही दिला नाही. आपल्या कपाटातून रबर लावलेल्या खिशातल्या डायऱ्यांचा गठ्ठा काढला, त्यातली एक उघडून समोर धरली. पिवळं पान, निळी शाई: ‘१६.१० रवाना. १९.४५ परत. जेवण नाही.’