पिल्लू अंड्यातून निघेना? हात लावण्याआधी मशीनमधलं पाणी बघा

चैत्र सरला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशात दुपारची हवा इतकी कोरडी होते की छोट्या इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या मशीनमध्ये) सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी ठणठणीत आटलेलं असतं. अठरा दिवस कोंबडीची अंडी नीट सांभाळायची आणि शेवटचे तीन दिवस पाण्याकडे दुर्लक्ष करायचं, वर दर तासाला झाकण उघडून ‘जरा बघू’ म्हणायचं. उन्हाळ्यात अंड्यात अडकून मेलेली बरीच पिल्लं याच पायी जातात. मग पिल्लू अडकलं म्हणून कवच सोलायला घेतात आणि उरलंसुरलं तेही जातं.

अठराव्या दिवसानंतर झाकण उघडायचं नाही. अंडी फिरवणं बंद. आर्द्रता 65 ते 70 टक्के, तापमान पंख्याच्या मशीनला 37.5 अंश किंवा जराच कमी. बिनपंख्याच्या मशीनला अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून 38.5 च्या आसपास. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नाही, पसरटपणावर वाढते. खोल वाटी काढून पसरट ताटली ठेवा, त्यात स्पंजचे तुकडे टाका आणि बाहेरून सलाइनच्या नळीने कोमट पाणी सोडा, म्हणजे झाकणाला हात लागत नाही. हवेची भोकं मात्र बुजवू नका. निघायच्या वेळी पिल्लाला हवा जास्त लागते.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) खरं बोलतो का तेही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसकट घट्ट पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 68 आला तर तुमचा हायग्रोमीटर सात कमी दाखवतो, तेवढा हिशेब धरा.

आता घाई कुठे होते ते. अंडी मशीनमध्ये घातली तो दिवस शून्य धरा, एक नाही. एवढ्या चुकीने कित्येकजण विसाव्या दिवशीच ‘एकवीस झाले’ म्हणून अंडं फोडतात. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तेव्हा आतून चिवचिव येते. पुढे साधारण 12 ते 24 तासांत कवचाला बाहेरून भोक पडतं. त्यानंतर पुन्हा 12 ते 24 तास ते गप्प पडून राहतं, आणि हीच गप्प वेळ माणसाला सोसत नाही. या वेळात कवचाच्या आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परततं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. तेव्हा कवच काढलं तर रक्तस्राव होतो, बलक बाहेर लोंबतो, बेंबी पिकते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत मरतं.

भोक पडल्याची वेळ काचेतून बघून वहीत लिहा. 24 तास हात लावायचा नाही. त्याआधी मदतीचा विचार फक्त या खुणांवर:

- भोकाभोवतीचा पापुद्रा वाळून पिवळट, कागदासारखा ताठ झालाय
- बाहेर पडायला पिल्लू कवचाला पाडतं ती गोल चीर अर्धी झाली आणि तीन-चार तास पुढे सरकलीच नाही
- भोक निमुळत्या टोकाला आहे (असं अंडं लगेच फोडू नका, पण नजर ठेवा)

वाळलेला पापुद्रा म्हणजे झाकण उघडल्याची नाहीतर पाणी आटल्याची शिक्षा. पिल्लू त्यात घट्ट आवळलं जातं, मान फिरवता येत नाही म्हणून चीर पाडता येत नाही.

मदत करायचीच तर खोलीतला कूलर, पंखा बंद करा, हात साबणाने धुवा. एका वेळी एकच अंडं बाहेर, तेही पाच मिनिटांत परत. रुंद टोकाकडचं, हवेच्या पोकळीवरचं कवच नखाने किंवा चिमट्याने थोडं थोडं उचला. त्याखाली वाहिन्या नसतात. आतला पांढरा पापुद्रा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ओला करा, तो पारदर्शक होतो. लाल रेषा दिसल्या की काम थांबवा, अंडं आत ठेवा आणि सहा तासांनी पुन्हा बघा. पिल्लू चावल्यासारखी चोच हलवत असेल तर बलक अजून आत जातोय, तेव्हाही थांबा. रेषा नसतील तर पापुद्रा चोचीपासून मागे सारा, डोकं मोकळं करा आणि तिथेच सोडा. खालचा अर्धा भाग पिल्लाने स्वतः लाथेने सोडायचा. पाणी लगेच उडतं म्हणून काहीजण पापुद्र्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवतात. ते चालतं, पण नाकपुड्यांना तेल लागलं तर जीव गुदमरतो. रक्त आलंच तर कोरडा कापूस दाबून धरा आणि त्या दिवशी पुन्हा हात लावू नका.

चिवचिव येतेय पण भोकच नाही, असं 24 तासांहून जास्त झालं तर टॉर्चने पोकळीची कड बघून पेन्सिलने खूण करा आणि पोकळीच्या अगदी वर सुईने एकच बारीक भोक पाडा. श्वासापुरतं. त्याहून जास्त काही नाही.

खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांना मात्र हात घालू नका. आर्द्रतेचं गणित तिला तुमच्या मशीनपेक्षा चांगलं जमतं. दुपारी जमीन फार तापत असेल तर टोपलीखाली ओली वाळू घाला.

दुकानदार या दिवसांत ‘हॅचिंग टॉनिक’ आणि महागडे फवारे गळ्यात मारतात. अंड्यावर फवारून पिल्लाला बळ येत नाही. हे पैसे दुसऱ्या हायग्रोमीटरवर आणि लोडशेडिंगसाठी बॅटरीवर घाला.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात उलटा घोळ होतो. पहिले अठरा दिवसच हवा दमट, अंड्याचं वजन घटत नाही आणि पिल्लू चिकट पाण्यात बुडतं. तिथे सुरुवातीला पाणी जवळजवळ ठेवूच नका. अठराव्या दिवशी अंडं मूळ वजनापेक्षा 11 ते 13 टक्के हलकं झालेलं हवं. 50 ग्रॅमचं अंडं साधारण 44 ग्रॅम भरतं.

निघाल्यावर:

- पिसं फुलून वाळेपर्यंत मशीनमध्येच. पोटातला बलक 48 तास पुरतो
- बेंबी ओली असेल तर पोविडोन आयोडीनचा एक थेंब
- ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी) पहिला आठवडा 35 अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी
- आधी पाणी, दोन-तीन तासांनी भरडा
- मानमोडीची लासोटा लस 5 ते 7 व्या दिवशी, गंबोरो रोगाची लस 14 व्या दिवसाच्या सुमारास

मदत करून काढलेल्या पिल्लाच्या पायात रंगीत दोरा बांधा आणि ते पैदाशीला ठेवू नका.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी गोठ्यापासून दूर नेऊन फोडून बघा. पूर्ण वाढलेलं पिल्लू वाळक्या पापुद्र्यात आवळलेलं असेल तर शेवटच्या तीन दिवसांत पाणी आटलं. चिकट पाण्यात असेल तर सुरुवातीला पाणी जास्त झालं. बलक बाहेरच राहिला असेल तर तापमान तपासा. नुसतं रक्ताचं कडं असेल तर अंडी साठवतानाच उन्हाने तापली असू शकतात. मे महिन्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं मशीनमध्ये घालू नका.